शब्दचर्चा : ‘टॅक्स असेसर-कलेक्टर’ला मराठीत काय म्हणावे? (टेक्सासची ग्रामीण काउंटी)

ओवरी

टेक्सासच्या ग्रामीण काउंट्यांमध्ये (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) शेतजमीन घेतलेल्या मराठी कुटुंबांसाठी मालमत्ता कराची माहितीपुस्तिका मराठीत करते आहे. वाचणाऱ्यांत ज्येष्ठ मंडळी बरीच आहेत, म्हणून नुसते इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून भागणार नाही.

पहिल्याच पानावर अडले. काउंटीतल्या निवडून आलेल्या अधिकाऱ्याचे पदनाम ‘टॅक्स असेसर-कलेक्टर’. मी लिहिले, ‘कर मूल्यांकन व वसुली अधिकारी’. मसुदा तपासणाऱ्यांनी ते खोडले. त्यांचे म्हणणे असे, की हा अधिकारी जमिनीचे मूल्यांकन करतच नाही, ते काम ‘अप्रेझल डिस्ट्रिक्ट’चे. कोशात पाहावे तर असेस म्हणजे मूल्यमापन आणि अप्रेझ म्हणजेही मूल्यमापन. दोघांना वेगळे कसे करायचे?

सनदी

तपासणाऱ्यांचे बरोबर आहे. १९७९च्या कायद्याआधी टेक्सासात काउंटी, शाळा-जिल्हा आणि शहर असे तिघे एकाच जमिनीचे तीन वेगळे मोल ठरवू शकत. त्या कायद्याने दर काउंटीत एक स्वतंत्र अप्रेझल डिस्ट्रिक्ट आणले आणि कामाची वाटणी झाली.

मोल : १ जानेवारीच्या स्थितीनुसार अप्रेझल डिस्ट्रिक्ट ठरवते. एप्रिल-मेमध्ये त्याची नोटीस येते.
दर : काउंटी, शाळा-जिल्हा, अग्निशमन जिल्हा, कुठे रुग्णालय-जिल्हा, असे प्रत्येकजण आपापला दर ठरवतो. बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरात. दर १०० डॉलर मोलामागे सांगतात.
गुणाकार, बिल, वसुली : हे असेसर-कलेक्टरचे. बिले ऑक्टोबरपासून निघतात.

म्हणजे टेक्सासात ‘असेस’ करणे म्हणजे ठरलेल्या मोलाला ठरलेला दर लावून रक्कम काढणे. त्याला मराठीत शब्द आहेच : आकारणी. पुणे महापालिकेच्या खात्याचे नावच ‘कर आकारणी व कर संकलन’ आहे. तुमचा अधिकारी ‘कर आकारणी व संकलन अधिकारी’.

चुकीचा शब्द इथे महागात पडतो. ‘मूल्यांकन अधिकारी’ असे वाचून जादा मोलाची तक्रार घेऊन माणूस कर कार्यालयात जाणार. तक्रारीची मुदत मात्र १५ मे किंवा नोटीस पाठवल्यापासून ३० दिवस, यांतली जी नंतरची ती. आणि अर्ज द्यायचा अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे. सुनावणी अप्रेझल रिव्ह्यू बोर्डापुढे होते. ऑक्टोबरात बिल हातात पडल्यावर ‘मोल जास्त लावले’ म्हणून सहसा उपयोग नाही.

दुहेरीवेलांटी

सनदीसाहेब, आकारणी इतकी साधी नाही. सातबाऱ्यावरचा ‘आकार’ घ्या. तो ठरला तो जमिनीची प्रतवारी लावून, म्हणजे मोल पाहूनच. ग्रामपंचायतीचा नमुना ८ ही ‘कर आकारणी नोंदवही’. तिच्यात घराचे भांडवली मूल्यही असते आणि कराची रक्कमही. गावाकडच्या वाचकाच्या मनात आकारणी म्हणजे मोजमापापासून रकमेपर्यंत सगळे. तुम्ही नेमके तेच तोडायला निघालात.

त्यापेक्षा केंद्राच्या कागदपत्रांतला ‘करनिर्धारण’ घ्यावा. निर्धारण म्हणजे ठरवणे, इतकेच.

कोरडवाहू

‘करनिर्धारण’ हिंदीतून उचललेला शब्द आहे. मराठी माणूस ‘बिल किती आकारलं?’ असे विचारतो, ‘किती निर्धारित केलं?’ असे कधीच विचारत नाही. सरकारी मराठीने ‘रेडीरेकनर’ला ‘शीघ्रसिद्धगणक’ केले. दस्तनोंदणीच्या रांगेत तो शब्द कोणाच्या तोंडी आहे? ‘अकृषिक’ कागदावर राहिले आणि लोक ‘एन.ए.’ किंवा ‘बिनशेती’ म्हणत राहिले.

पण मुद्दा वेगळा आहे. पुस्तिका फक्त टेक्सासपुरती ठेवा. कॅलिफोर्नियात काउंटीचा असेसर मोल खरोखरच ठरवतो आणि वसुली टॅक्स कलेक्टर करतो. तिथे १९७८च्या ‘प्रपोझिशन १३’ या जनमताने झालेल्या दुरुस्तीमुळे खरेदीच्या वेळचे मोल पायाभूत धरतात आणि ते वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढते. कर दोन हप्त्यांत, १० डिसेंबर आणि १० एप्रिलपर्यंत. चुकले की त्या हप्त्यावर १० टक्के दंड. म्हणजे पदनाम तेच, काम निराळे. तिथल्या असेसरला ‘आकारणी अधिकारी’ म्हटले तर ओवरीताईंची चूक उलट बाजूने होईल.

सनदी

कॅलिफोर्नियाचे मान्य. म्हणूनच पदनाम भाषांतरित करताना काम पाहावे, कोश नव्हे.

मुळात ‘असेस’चा लॅटिन अर्थ ‘शेजारी बसणे’. ब्रिटिश काळात आपल्याकडे सेशन्स कोर्टात न्यायाधीशाबरोबर ‘असेसर’ बसत, त्यांचा कराशी काडीचा संबंध नव्हता. शब्दाच्या पोटात ‘मूल्य’ कुठेच नाही. आणि अशीच आणखी एक पाटी : ‘कमिशनर्स कोर्ट’. ही काउंटीची कारभारी सभा, काउंटीपुरता कराचा दर तीच ठरवते. तिला ‘आयुक्त न्यायालय’ लिहू नका. वाचणारा वकील शोधायला लागेल.

टेक्सासच्या घटनेत १०,०००हून कमी वस्तीच्या काउंटीत शेरीफनेच असेसर-कलेक्टरचे काम पाहण्याची तरतूद आहे. काही काउंट्यांत उलट, करार करून वसुलीही अप्रेझल डिस्ट्रिक्टच करते. त्यामुळे ‘कुठे भरायचा’ या प्रश्नाचे उत्तर पुस्तिकेत एकच देऊ नका. बिलावरचा पत्ता पाहा, असे लिहा.

मोजणीदार

पदनामापेक्षा मोठा घोटाळा पुढच्या पानांवर होणार आहे, तो आताच सांगतो. ‘सर्व्हे’ या शब्दाचा.

ग्रामीण जमिनीच्या कर-नोंदीत वर्णन साधारण असे असते : ‘ए-१२३, अमुक सर्व्हे, ट्रॅक्ट ४, २५ एकर’. मराठी वाचक ‘सर्व्हे’ पाहिला की सर्व्हे नंबर समजणार आणि १२३ हा आपला गट किंवा हिस्सा धरणार. तसे नाही. तिथे ‘सर्व्हे’ म्हणजे मूळ सरकारी देणगीचा सबंध तुकडा, आणि त्याचे नाव बहुतेकदा ज्याला ती जमीन प्रथम मिळाली त्याचे. ‘ए’ म्हणजे ॲब्स्ट्रॅक्ट. हा क्रमांक ऑस्टिनच्या जनरल लँड ऑफिसने (राज्याच्या जमीन खात्याने) त्या तुकड्याला त्या काउंटीपुरता दिलेला. एका ॲब्स्ट्रॅक्टमध्ये आज शेकडो मालक असू शकतात. आपली जमीन दाखवणारा आकडा तो नव्हेच. तो असतो ‘प्रॉपर्टी आयडी’, आणि शोध त्यावरच घ्यावा.

शोध घेताना काय अडते ते सांगतो. मोकळ्या रानाला घरक्रमांक नसतो, त्यामुळे पत्त्यावरून शोधले तर काही सापडत नाही. नावाने शोधताना आडनाव आधी घालायचे. आपल्या तीनपदरी नावात मधले वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव कधी आडनावाच्या जागी चढते, म्हणून तिन्ही पदांनी वेगवेगळे शोधून पाहावे. जमीन दोघांच्या नावे अविभक्त असेल तर काही ठिकाणी प्रत्येकाच्या हिश्श्याचे खाते वेगळे निघते. एकाच्या खात्यावर पैसे भरून दुसरे थकीत राहते. आणि वर्ष निवडायला विसरू नये. चालू वर्षाची यादी जुलैअखेरीस प्रमाणित होते. त्याआधी रकाना रिकामा दिसला म्हणजे कर नाही असे नव्हे.

शेवटचे : अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर मोल आणि मालक दिसतात, भरायची रक्कम बहुधा कर कार्यालयाच्या संकेतस्थळावर. दोन्ही पाहावीत.

पानगळ

मोजणीदारांनी जुन्या मोजणीचा विषय काढलाच आहे म्हणून. तिथल्या जुन्या दस्तांत लांबी ‘वारा’ या मापात असते, स्पॅनिश काळापासून. आपला ‘वार’ तोच असावा. पोर्तुगीजांचाही ‘वारा’ होता, आणि गोवा-वसईमार्गे तो कापडाच्या दुकानात आला असेल. नऊवार, पाचवार हे त्याच घरातले. तेव्हा पुस्तिकेत खुशाल ‘वार’ लिहा, शब्द आपलाच आहे.

दुहेरीवेलांटी

उच्चार जुळला म्हणून व्युत्पत्ती ठरत नाही. गुजरातीतही ‘वार’ म्हणजे यार्डच. जुन्या मराठी कागदांत हा शब्द पोर्तुगिजांच्या आधी सापडतो की नंतर, हे दाखवल्याशिवाय ‘असावा’च्या पुढे जाता येत नाही.

मोजणीदार

व्युत्पत्ती काहीही असो, तिथे ‘वार’ लिहू नका. टेक्सासचा वारा ३३⅓ इंचांचा, आपला वार ३६ इंचांचा. एक चौरस वारा म्हणजे ०.८५७ चौरस वार. जुन्या दस्तात १० लाख चौरस वारा असतील तर जमीन १७७.१ एकर. तेच आपले चौरस वार धरून ४,८४०ने भागले तर २०६.६ एकर येते. कागदावर साडेएकोणतीस एकर वाढले! आमच्या हिशेबात गुंठा १२१ चौरस वारांचा. टेक्सासच्या मापाने तोच गुंठा १४१ चौरस वारांहून थोडा जास्त भरतो. ‘वारा’च ठेवा आणि शेजारी इंच लिहा.

ओवरी

सगळ्यांचे आभार. ‘आकारणी’कडे मन झुकते आहे, पण दुहेरीवेलांटींची शंका मनातून जात नाही. तोवर आणखी एक : ‘अ‍ॅग एक्झेम्प्शन’ला मी ‘शेतीसाठी करमाफी’ लिहिले आहे. चालेल ना?

सनदी

नाही चालणार. तिथले लोकही तोंडाने एक्झेम्प्शनच म्हणतात, पण कायद्यात ती माफी नाही आणि सूटही नाही. ती मोल काढण्याची वेगळी रीत आहे : बाजारभावाऐवजी जमिनीच्या उत्पन्नक्षमतेवर मोल. मी ‘शेतीमोल’ म्हणेन.

हिशेब धरून पाहा. २५ एकर, एकरी बाजारभाव १५,००० डॉलर, म्हणजे ३,७५,०००. सगळे दर मिळून १००ला १.८० धरले तर कर ६,७५० डॉलर. शेतीमोल एकरी १५० धरले तर मोल ३,७५० आणि कर ६७ डॉलर ५० सेंट. जमीन मागच्या सातांपैकी पाच वर्षे प्रामुख्याने शेतीखाली हवी, आणि तीही त्या भागाच्या रिवाजाइतकी. चार शेळ्या दाखवून भागत नाही. अर्ज १ मेच्या आत. सगळ्यात जास्त चुकते ते इथे : खरेदीनंतर नव्या मालकाने अर्ज नव्याने करावा लागतो. आधीच्या मालकाचे शेतीमोल आपोआप पुढे चालत नाही.

‘माफी’ वाचलेला माणूस पुढचे वाचणारच नाही. वापर बदलला, म्हणजे तुकडे पाडून घरे बांधली, तर मागच्या तीन वर्षांचा दोन करांतला फरक भरावा लागतो. वरच्या उदाहरणात २०,०४७ डॉलर ५० सेंट. पूर्वी पाच वर्षांचा आणि व्याजासकट असे. २०१९मध्ये तीन वर्षांवर आला, २०२१मध्ये व्याज गेले.

कोरडवाहू

त्याला ‘रोलबॅक’ म्हणतात, आणि मराठीत ‘फरक’ हा तयार शब्द आहे. पगाराचा फरक, बिलाचा फरक. ‘मागील तीन वर्षांच्या फरकाची वसुली’. कोणी ‘प्रत्यावर्तन कर’ सुचवण्याआधीच लिहून ठेवतो.

पण शेतीमोल मला पटले नाही. सगळे टेक्सास ‘एक्झेम्प्शन’ म्हणत असेल, कार्यालयातला कारकूनही तेच म्हणत असेल, तर वाचकाला खिडकीशी जाऊन तोच शब्द ऐकायचा आहे. ‘शेतीची सूट’ लिहा आणि खाली एक ओळ खुलासा द्या. रूढ शब्दाला चूक ठरवून पुस्तिका चालत नाही.

सनदी

ज्या शब्दामुळे लोक अर्ज करायचे विसरतात, तो रूढ असला तरी मी छापणार नाही.

दुहेरीवेलांटी

या बाबतीत मी सनदींच्या बाजूने. आता ‘टॅक्स लीन’चे, म्हणजे करापोटी जमिनीवर राहणाऱ्या हक्काचे काय? विधी शब्दावलीत ‘धारणाधिकार’ आहे.

कोरडवाहू

तो सरकारी नोकरीतल्या पदावरचा धारणाधिकार म्हणून लोकांना माहीत. जमिनीवर चढतो तो बोजा. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत सोसायटीचा बोजा असतो, तसाच हा कराचा.

सनदी

बोजाच. टेक्सासात दर वर्षी १ जानेवारीला त्या वर्षाच्या कराचा बोजा जमिनीवर आपोआप बसतो, रक्कम ठरायच्या आधीच. त्या दिवशीचा मालक वैयक्तिकरीत्याही बांधील, मग त्याने फेब्रुवारीत जमीन विकलेली असो.

भरणा ३१ जानेवारीपर्यंत. टपालाने पाठवल्यास त्या तारखेचा टपालाचा शिक्का ग्राह्य. १ फेब्रुवारीला थकबाकी. दंड आणि व्याज मिळून फेब्रुवारीत ७ टक्के, मार्चमध्ये ९, एप्रिलमध्ये ११, मेमध्ये १३, जूनमध्ये १५ आणि जुलैत १८. जुलैपासून वसुली वकिलाचा २० टक्क्यांपर्यंतचा खर्च निराळा चढू शकतो. बिल मिळाले नाही ही सबब कायद्याने चालत नाही. भारतात परतलेल्यांचे नेमके इथेच चुकते : पत्ता बदललेला अप्रेझल डिस्ट्रिक्टला कळवलेला नसतो.

थकबाकीपोटी लिलाव झालाच तर शेतीमोलाची जमीन जुन्या मालकाला खरेदीदाराचा दस्त नोंदल्यापासून दोन वर्षांत सोडवता येते. पहिल्या वर्षी २५ टक्के जादा देऊन, दुसऱ्या वर्षी ५०.

पानगळ

आणि जमीन घेण्याआधी कर कार्यालयाकडून ‘टॅक्स सर्टिफिकेट’ घेतात, त्याला ‘बेबाकी दाखला’ म्हणावे का? गावच्या सोसायटीत हाच शब्द चालतो.

मोजणीदार

बेबाकी म्हणजे बाकी नाही. त्या दाखल्यावर बाकी असेल तर तीही लिहून येते, तेव्हा नाव ‘बाकीचा दाखला’ असे द्या. फी १० डॉलरपेक्षा जास्त घेता येत नाही. जमीन शेतीमोलावर असेल तर दाखल्यावर तसे लिहिले आहे का तेही पाहावे, कारण पुढचा फरक जमिनीमागे येतो, विकणाऱ्यामागे जात नाही.

पानगळ

‘बाकीचा दाखला’ म्हणजे ‘उरलेला दाखला’ असाही अर्थ होतो हो. आणि वारावर माझे म्हणणे अजून मागे घेतलेले नाही. वसईकडच्या जुन्या कापडवह्या कोणी पाहिल्या असतील तर सांगा.