मदत हवी आहे : लेकीच्या टूडी इकोमधला झेड-स्कोअर

लेक सहा वर्षांची. तापासाठी दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टरांना मर्मर (हृदयाच्या ठोक्यांबरोबरचा जादा आवाज) ऐकू आली, म्हणून टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली. गार जेल लागताच रडली, मग पडद्यावरचं लाल-निळं बघत गप्प पडून राहिली. रिपोर्ट नॉर्मल आहे: ईएफ 64 टक्के, एफएस 34 (हे दोन्ही हृदय किती जोराने रक्त ढकलतं त्याचे आकडे), भोक नाही, झडपा ठीक. तापात अशी निरुपद्रवी मर्मर जास्त ऐकू येते म्हणे. (आजीने तरी दृष्ट काढलीच.)

पण हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याच्या मापापुढे ‘झेड-स्कोअर +1.3’ लिहिलंय, म्हणजे तेवढ्याच अंगकाठीच्या मुलांच्या सरासरीपेक्षा ते माप किती वर किंवा खाली आहे तो आकडा. -2 ते +2 चालतं आणि तो उंची-वजनावरून काढतात, एवढं कळलं. घोळ असा, की तिथे वजन अंदाजानेच 20 किलो टाकलं. घरच्या काट्यावर 17 भरतं. म्हणजे खरा आकडा वाढेल ना? कितपत? इको परत करायचा, की त्याच मापांवरून नुसता हिशेब नव्याने करून मिळतो?