पसरणारी फुलझाडं अंगणात लावावीत का? (माझ्या मते अजिबात नाही)

तिलकनगरी
भाचीने बोस्टनजवळच्या समुद्रकिनाऱ्याचे फोटो पाठवलेत. वाळूत गुलाबाचं दाट रान, गडद गुलाबी फुलं, छोट्या टोमॅटोएवढी लाल फळं. तिकडे त्याला बीच रोझ म्हणतात. फोटो कॉलनीच्या ग्रुपवर टाकले आणि तासाभरात मागणी सुरू: बी मागवा, कंपाउंडला लावू, आपोआप पसरेल.

हे 'आपोआप पसरेल' ऐकलं की माझं डोकं फिरतं. आपले इंदूरचे प्लॉट केवढे? 20 बाय 50 फूट, भिंतीला भिंत. आमच्या ओळीत कुणीतरी हौसेने वेडेलिया लावली, तीच ती पिवळ्या फुलांची. आज ती चार घरांच्या पेव्हर ब्लॉकच्या फटींतून वर येतेय. ओढली की पेराशी तुटते, आणि तुटलेल्या प्रत्येक पेराला पांढरी मुळं आधीच फुटलेली असतात. गटाराच्या चेंबरचं झाकण उघडलं तर आत तिचाच गुंता. माळी हात झटकून म्हणाला, "साहब, ये नहीं जाएगी."

मुळाने किंवा खोडाने धावणारं फुलझाड घरच्या जमिनीत लावूच नये. कुणाला पटत नसेल तर बोला.

सुदामानगरच्या काकू
मी बोलते. मे महिन्यात पारा 42-43 वर जातो, नर्मदेचं पाणी एक दिवसाआड. गुलाब, शेवंती जळून जातात. तेव्हा अंगणात हिरवं काय उरतं? हीच तुमची वेडेलिया आणि फाटकावरची मधुमालती. संध्याकाळी पांढरी उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग लाल. ती मुळापासून कोंब काढते म्हणून तोडून टाकू की काय? माझे गुडघे गेलेत, रोज खुरपायला बसणं होत नाही. ज्यांच्याकडे माळी येतो त्यांनी नाजूक झाडं लावावीत. आम्हाला चिवटच हवीत.

बागकाम_मालवा
आधी त्या गुलाबाचा निकाल लावू. हा रोझा रुगोसा. मूळचा ईशान्य चीन, कोरिया, जपान आणि रशियाच्या पूर्व किनाऱ्याचा. जपानमधल्या होक्काइदो प्रांताचं ते राज्यफूल आहे. खारा वारा, रेताड जमीन, कडाक्याची थंडी हे त्याला मानवतं. बी रुजायच्या आधी काही आठवडे थंड ओलाव्यात राहावं लागतं. आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीत पानं पिवळी पडतील आणि पहिल्याच उन्हाळ्यात झाड मान टाकेल. म्हणजे इथे ते पसरण्याची भीती नाही, जगण्याचीच पंचाईत आहे.

थंड मुलखात मात्र ते खरंच डोक्यावर बसतं. जमिनीखालून फुटवे काढतं, फळं समुद्राच्या पाण्यावर तरंगत दुसऱ्या किनाऱ्याला लागतात, आणि वाळूच्या टेकड्यांवरची मूळची बुटकी झाडं सावलीत मरतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2010 पासून ते मोकळ्या रानात लावणं गुन्हा आहे.

आणि पाकिटात घालून बी मागवू नका. परदेशातून झाडं-बी आणण्याबाबतच्या 2003 च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो.

तिलकनगरी
गुलाब सुटला, बरं झालं. पण काकू, तुमची वेडेलिया जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 परक्या जातींच्या यादीत आहे. आपली घाणेरीसुद्धा. घाणेरी इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये शोभेसाठीच आणली होती ना? आज देशातल्या वाघांच्या मुलखाचा 40 टक्क्यांहून जास्त भाग तिच्या विळख्यात आहे. गुरांनी खाल्ली तर यकृत जातं. सुरुवात कुणाच्या तरी सुंदर वाफ्यातूनच झाली.

जुना_इंदूरकर
परकं म्हणून ओरडायचं तर झेंडू मेक्सिकोचा, सदाफुली मादागास्करची, गुलबक्षी अमेरिकेची. माझ्या आजीच्या रामबागेतल्या अंगणात गुलबक्षी दरसाल आपली आपण उगवायची आणि कुणी तिला उपद्रवी म्हटलं नाही. देव्हाऱ्यात तीच असायची.

बागकाम_मालवा
परकं आणि उपद्रवी यांची गल्लत नको. झेंडू कुठेही आला तरी रान काबीज करत नाही. प्रश्न झाड कुठून आलं हा नाहीच, कुंपणाबाहेर ते माणसाच्या मदतीशिवाय वाढतं का, एवढाच आहे.

गच्चीवाला
यावर सोपा उपाय: कुंडी. माझा रुएलिया गच्चीत आहे, जांभळी फुलं, कसला त्रास नाही.

तिलकनगरी
खाली रस्त्यावर पाहून या. रुएलियाची वाळलेली शेंग पाण्याच्या वाटीत टाका, थोड्याच वेळात 'टक्' करून फुटते आणि बिया वाटीबाहेर उडतात. पहिल्या सरीला तुमच्या गच्चीवर तेच होतं आणि पाइपातून सगळं गटारात. कुंडीने मुळं अडतात, शेंगा नाहीत.

गच्चीवाला
हे माहीत नव्हतं. बी न धरणारी जात मिळते असं ऐकलंय, नर्सरीत विचारतो. नाहीतर शेंगा हिरव्या असतानाच खुडायच्या.

खतवाला
तुम्ही सगळे लावण्यावर भांडताय. माझ्या मते लावणं हा निम्मा प्रश्न, छाटलेलं कुठे टाकता हा उरलेला. नाल्याकाठी बेशरमाची झुडपं कशी माजतात ते बघा: कुणीतरी कुंपणाच्या काड्या तोडून फेकतो, त्याच चिखलात मूळ धरतात. वेडेलियाचं तसंच. छाटणी मोकळ्या प्लॉटवर टाकली की झालं, पावसाळ्यात तिथे मळा.

आपल्याच शहरात 1920 च्या दशकात अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी तण, काडीकचरा आणि शेण थरांनी रचून खत करायची पद्धत बसवली. जगभर तिला इंदूर पद्धत म्हणतात, आणि इंदूरकर छाटणी नाल्यात टाकतात! ढीग नीट तापला तर तणाचं बी मरतं. मात्र पेरं धरणाऱ्या फांद्या आधी पत्र्यावर कडक उन्हात पूर्ण वाळवा. ओल्या टाकल्या तर ढिगाच्या कडेने फुटतात.

सुदामानगरच्या काकू
हे पटतं. वाळवणं मला जमेल, पापड-कुरडयांना गच्ची आहेच. पण वेडेलिया काढणार नाही. तिच्यावर सकाळी मधमाश्या येतात, त्या तुमच्या पेव्हरवर येत नाहीत.

तिलकनगरी
मधमाश्या गोकर्णावर आणि तुळशीवरही येतात. पाणी गोकर्णालाही कमीच लागतं आणि वेल जागचा हलत नाही. बी हवं तर मी देतो. कडेने विटांची ओळ लावून वेडेलिया अडवता येईल असं मनात असेल, तर काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, दोन वर्षांत विटा वाकड्या होतात.

सुदामानगरच्या काकू
गोकर्णाचं बी पाठवा, मधुमालतीच्या शेजारी लावते. वेडेलिया मात्र राहील. भिंतीच्या पलीकडे गेली तर कळवा, कात्री घेऊन मी स्वतः येईन.

तिलकनगरी
काकू, रागावू नका, पण भिंतीच्या पलीकडे ती आधीच गेलेली असणार. या रविवारी शेजाऱ्यांचं चेंबर उघडून बघा.