कोळसा खाणीच्या डम्पची (काढून टाकलेल्या माती-दगडाच्या ढिगाची) पाहणी उन्हाळ्यात झाडं बघून करायची का भर पावसात नाल्यावर?

किनवटचा गडी:
मराठवाड्यात कोळसा नाही, खाली बहुतेक बेसाल्ट, मग हा विषय इथं का म्हणाल तर किनवट-माहूरकडल्या कितीतरी घरांची सोयरीक वणी-चंद्रपूरच्या कोळसा पट्ट्यात आहे. माझ्या मामाचं शेत वणी तालुक्यात एका ओपनकास्ट, म्हणजे वरून उघडी खोदलेल्या, खाणीला लागून. उन्हाळ्यात तिथं जमीन पूर्ववत केल्याची पाहणी झाली तेव्हा मी तिथंच होतो. साहेब लोकांनी डम्पवरची झाडं बघितली, फोटो काढले, बांबूचं कौतुक केलं अन् गेले. डम्पच्या पायथ्याभोवती पाणी वळवायला खणलेल्या चरात, गारलँड ड्रेनमधी, कुणी वाकून बघितलं नाही. अर्धी ड्रेन राखाडी गाळानं भरलेली, त्यात गवत उगवलेलं, पुढं रस्त्याखालच्या सिमेंट पाइपाचं तोंड चार बोटं उघडं. जुलैत व्हायचं तेच झालं, पाणी ड्रेन सोडून मामाच्या कपाशीत. उतरल्यावर पऱ्हाटीच्या बुडाशी चिकट थर, वाळला की पापुद्रे निघायलेत अन् खाली मुळं कुजलेली.

खाणीच्या पर्यावरण मंजुरीत अट असते की ड्रेन अन् सम्प (पाणी साठवायचा खड्डा) एकदम पडणाऱ्या मोठ्यात मोठ्या पावसाचा हिशोब धरून वर 50 टक्के जास्तीचे बांधायचे, अन् गाळ खाली बसेपर्यंत पाणी थांबलं पाहिजे. कोरड्या ड्रेनकडं बघून हे कसं कळणार? माझं म्हणणं एकच, पाहणी जुलै-ऑगस्टात, पाऊस चालू असताना, पाणी खाणीतून बाहेर पडतं तिथं करा.

परभणीकर सर्व्हे:
भाऊ, मामाच्या शेताचं वाईट झालं, पण उपाय पटला नाही. मी ओपनकास्टलाच सर्व्हेत आहे. पावसाआधीची पाहणी हीच कामाची, कारण गाळ काढायला मशीन तेव्हाच ड्रेनमधी उतरू शकतं. ऑगस्टात चूक सापडून उपयोग काय, शेत तर बुडालेलंच असतं. दुसरं म्हणजे डम्पच्या बुडाशी काळी माती असली की ती पाण्यानं फुगते अन् वरचा भार घसरतो, एकूण उतार 28 अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही तो त्याच्यासाठीच. अशा जागी भर पावसात बाहेरची माणसं नेणार का? अन् झाडाला कमी लेखू नका, उघड्या डम्पला एका पावसात ओघळ पडतात अन् तीच माती तुमच्या ड्रेनमधी येते. मोठ्या खाणींची जमीन सीएमपीडीआय, म्हणजे कोल इंडियाची नियोजन संस्था, दरवर्षी सॅटेलाइटवरून तपासते, सगळं फोटोपुरतं नसतं.

किनवटचा गडी:
सॅटेलाइटला हिरवं दिसतं हो, पाइपात अडकलेला गाळ दिसत नाही. अन् डम्पवर चढा कोण म्हणतंय? पाणी नाल्याला मिळतं ती जागा खाणीच्या बाहेर असते, तिथं गावातली पोरं म्हशी धुतात, मग साहेबाला काय धोका? बाहेर सोडायच्या पाण्यात लिटरमागं 100 मिलिग्रॅमच्या वर गाळ चालत नाही. ती बाटली पाऊस पडून गेल्यावर निवांत भरली तर पाणी स्वच्छच येणार, मोठ्या सरीनंतर तासाभरात भरा मग बोलू.

लातूरचा पाणीवाला:
मला तर वेगळंच वाटतं. शेवटी जो खड्डा उरतो तो बुजवायला करोडो घालायचे कशाला? पाण्यानं भरू द्या. 2016 ला आम्ही मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलोय, एवढा साठा आमच्याकडं असता तर लोकांनी डोक्यावर घेतला असता.

भूमची लेक:
दादा, लातूरची तहान खरी आहे, पण खाणीचा खड्डा म्हणजे शेततळं नव्हं. कडा सरळ तुटलेल्या, जनावर आत गेलं तर वर येत नाही, अन् पाणी तपासल्याबिगर पिण्याचं म्हणता येत नाही. शिवाय तिथं आधी कुणाचं तरी शेत होतं. 2025 च्या सप्टेंबरात आमच्याकडं पुरानं जमीन खरडून नेली, सरकारनं हेक्टरी 47 हजार जाहीर केले, पण वावरात मुरूम उघडा पडल्यावर त्याच्यावर काय पेरायचं सांगा. माती गेली की काय होतं ते आम्हाला आता कुणी शिकवायला नको. म्हणून मी म्हणते पावसाळा-उन्हाळा दोन्ही राहू द्या, पाहणीला जाताना कुदळ न्या. खड्डा बुजवून केलेल्या जमिनीत हातभर खोदून बघा, वर काळी माती किती अन् खाली दगड कुठं लागतो. वरची माती सुरुवातीलाच वेगळी काढून ठेवायची असते, ती खरंच परत टाकली का डम्पखाली गेली ते कुदळीनंच कळतंय.

परभणीकर सर्व्हे:
ताईंचं कुदळीचं मान्य, लगेच करण्यासारखं आहे. सरीनंतर तासाभरात बाटली भरायचं पण मान्य. पण पावसाआधीची पाहणी मी सोडणार नाही, दोन्ही करा. अन् एक सांगा, लीजच्या, म्हणजे खाणीला दिलेल्या जमिनीच्या, हद्दीपर्यंतची ड्रेन खाण साफ करते, पुढचा गावनाला कुणाचा? खाण म्हणते ग्रामपंचायतीचा, ग्रामपंचायत म्हणते गाळ खाणीचा, अन् पाणी तिथंच तुंबतं.

किनवटचा गडी:
गाळ ज्याचा, साफसफाई त्याची. मामाच्या शेतापासून मोठ्या नाल्यापर्यंतचा सगळा पट्टा खाणीनं काढला पाहिजे, अन् पाहणीच्या दिवशी शेजारच्या शेतकऱ्याची सही घेतल्याबिगर अहवाल पुढं जाऊ नये. मंजुरीच्या अटींचा सहामाही अहवाल खाणीला वेबसाइटवर टाकावा लागतो, मामाला तो काढून दिलाय. त्यात ड्रेनच्या रकान्यात काय लिहिलंय ते ग्रामसभेत मोठ्यानं वाचायचं ठरलंय.