दिवाळीची ग्रीटिंग हाताने शिक्के मारून करायचीत, शाई आणि मराठी शिक्के कुठले घेऊ?

कागदफूल
नमस्कार मंडळी. यंदा नातेवाईक आणि सोसायटीतले मिळून चाळीसेक जणांना हाताने केलेली ग्रीटिंग द्यायचीत, मी आणि आई दोघी मिळून करणार आहोत. सध्या जवळ आहे ते ऑनलाइन मागवलेला पारदर्शक शिक्क्यांचा एक सेट आणि घरातलं जांभळं स्टॅम्प पॅड, बस. त्यात होतंय असं की पणतीचा ठसा उमटतो पण कडा फुटतात, शाई कागदात पसरते आणि वरून वॉटरकलर लावला की सगळीकडे जांभळं जांभळं. दुसरं म्हणजे कुठलाही सेट बघा, मजकूर इंग्रजी नाहीतर ख्रिसमस ट्री. मला 'शुभ दीपावली' मराठीतच हवंय. राहायला पुण्यात, बजेट दोन-अडीच हजार. काय घेऊ आणि काय घेऊ नको, दोन्ही सांगा प्लीज.

रंगरेषा
सगळ्यात आधी ते जांभळं पॅड बाजूला ठेव, ती शाई पावत्या-अर्जांवर पटकन मुरावी म्हणून केलेली असते, ग्रीटिंगला तिचा उपयोग नाही.

आता शाईचं. ढोबळमानाने दोन प्रकार, डाय आणि पिगमेंट. डाय कागदात मुरते, लगेच सुकते, पिगमेंटचे रंगकण कागदावर बसतात, रंग दाट येतो पण सुकायला वेळ लागतो. तुला वॉटरकलर करायचाय म्हणजे सुकल्यावर पाण्याने न हलणारी काळी शाई हवी. व्हर्साफाइन किंवा रेंजरची आर्कायव्हल, दोन्हीपैकी एकच घे. व्हर्साफाइनने बारीक रेघ फार सुंदर येते, पणतीच्या वातीसारखी रेघसुद्धा तुटत नाही, फक्त रंगवायच्या आधी नीट सुकू दे. मेमेंटो लोक सुचवतील, ती चांगली आहे पण अल्कोहोल मार्करसाठी, पाणी लागलं की ती पसरते. डिस्ट्रेस तर मुद्दाम पाण्याबरोबर पसरण्यासाठीच केलीये, पार्श्वभूमीला स्पंजने लावायला मस्त, आउटलाइनला नाही. स्टाझऑन काच, प्लॅस्टिक, गुळगुळीत फोटोपेपर असल्यांसाठी, तुला आत्ता लागणार नाही.

रंगांचा बारा पॅडचा सेट घेऊ नकोस. एक चांगली काळी, एक विटकरी किंवा गडद निळी, बास. बाकीचे रंग ब्रशने येतातच.

मंदार_ठाणे
मराठी मजकुराचं सांगतो, हे मी आवडीने करतो. ऑफिसचे शिक्के बनवून देणारी दुकानं प्रत्येक गावात असतात, त्यांच्याकडूनच करून घ्यायचा. जाऊन स्पष्ट सांगायचं की प्री-इंक किंवा सेल्फ-इंकवाला नको, साधा रबर किंवा पॉलिमरचा हवा, कारण प्री-इंकमध्ये शाई आतच भरलेली असते, तुम्हाला आपली शाई वापरता येत नाही. जमलं तर मूठ न लावता नुसता पॉलिमरचा तुकडा मागा, तो ॲक्रिलिक ब्लॉकवर, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकच्या ठोकळ्यावर, चिकटवला की आरपार दिसतं आणि शिरोरेषा सरळ येते. मूठवाल्या शिक्क्यात शिरोरेषा जरा जरी तिरकी पडली तरी सगळं कार्ड वाकडं दिसतं.

फाँट दुकानदारावर सोडू नका. 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता किंवा बालू फुकट मिळतात, बालू जाड आणि गोलसर आहे, शिक्क्याला छान बसतो. 'दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा' तीन सेंटीमीटरमध्ये कोंबलं तर 'च्छ' आणि 'र्दि' मधल्या पोकळ्या शाईने भरतात आणि काळे ठिपके दिसतात. 'शुभ दीपावली' सहा-सात सेंटीमीटर रुंदीत करा. आणि खरं सांगू का, सगळ्यात भारी म्हणजे घरातल्या मोठ्यांच्या अक्षरात लिहून घ्या. पांढऱ्या कागदावर काळ्या जाड पेनने, ६०० डीपीआयला स्कॅन, शुद्ध काळं-पांढरं करून फाइल द्यायची. आमच्याकडे आजोबांच्या हस्ताक्षरातला शिक्का आहे, त्यातल्या 'भ'चा काना थोडा बाहेर जातो, तोसुद्धा तसाच्या तसा उमटतो. दर दिवाळीला आमच्या आत्या पाकीट उघडतात आणि आधी अक्षर बघतात.

सई_क्राफ्ट
मंदारदादा +१. ताई, पारदर्शक शिक्के नवे असतात तेव्हा शाई त्यांच्यावर थेंबाथेंबाने जमते, कडा फुटण्याचं ते पण एक कारण असणार. साध्या खोडरबराने पृष्ठभाग हलक्या हाताने घासा, चकाकी गेली की शाई सारखी लागते. शिक्का पॅडवर दाबायचा नाही, शिक्का उताणा धरून पॅड त्यावर हलकेच टपटप करायचं, म्हणजे कडेला जादा शाई जात नाही. खाली जुना माउसपॅड ठेवा, सरळ दाबा, डोलवू नका, सरळ उचला. नंतर अल्कोहोल नसलेल्या बेबी वाइप्सने पुसून परत त्याच प्लॅस्टिकवर लावून ठेवा, उन्हात ठेवले तर पिवळे पडतात.

स्टॅम्पिंग टूल मिळतं, झाकणाला शिक्का चिकटतो आणि तोच ठसा त्याच जागी परत मारता येतो. चाळीस कार्डं आहेत तर मी तरी घ्या म्हणेन.

रंगरेषा
टूलबद्दल माझं मत वेगळं. अडीच हजारात ते घेतलं तर कागदाला पैसे उरत नाहीत, आणि कागद चांगला नसेल तर शाई कितीही भारी घ्या. यंदा ब्लॉकवरच करा, पुढच्या वर्षी बघा.

कागदफूल
कागदाचंच विचारणार होते! शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून आणला तर? आईला तो फार आवडतो.

जुनी_वही
आणा की, १९४० पासूनची संस्था आहे, आपल्या शहराचं वैभव आहे ते. पण शिक्क्यासाठी घेताना हात फिरवून गुळगुळीत निवडा. खरबरीत, फुलं-पाकळ्या घातलेला सुंदर दिसतो पण त्याच्या खळग्यांत ठसा तुटतो. मी असं करते: कार्डाचा बेस हातकागदाचा आणि ठसा वेगळ्या गुळगुळीत, जाड पांढऱ्या कागदावर मारून, रंगवून वर चिकटवायचा. ठसा बिघडला तर छोटा तुकडा वाया जातो, अख्खं कार्ड नाही. बेससाठी २५० ते ३०० जीएसएम (कागदाचं दर चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन) बघा. एका ए४ मधून दोन कार्डं निघतात, आडवा मधोमध कापून प्रत्येक अर्ध्याची घडी घातली की ए६. घडी घालायच्या आधी पट्टी ठेवून रिकाम्या बॉलपेनने रेघ ओढा, नाहीतर जाड कागद घडीवर तडकतो.

मालवणी_मुलगी
सोनेरी अक्षरं हवी असतील तर एम्बॉसिंग, म्हणजे पावडर वितळवून उठावदार केलेला ठसा, बघा. व्हर्सामार्कसारखी चिकट पारदर्शक शाई, त्यावर सोनेरी पावडर, जादा झटकून डबीत परत आणि मग उष्णता. हेअर ड्रायर चालत नाही, वाऱ्याने पावडर उडते आणि तेवढा तापतही नाही. हीट गन घ्यायची नसेल तर इस्त्री गरम करून कार्डाची मागची बाजू तिच्या जवळ धरा, पावडर वितळून चमकायला लागली की लगेच बाजूला. ठसा मारायच्या आधी कागदावर टाल्कमची पुरचुंडी फिरवायची, म्हणजे भलतीकडे कण चिकटत नाहीत. दमट हवेत हे फार महत्त्वाचं, आमच्याकडे ऑक्टोबरातही कागद ओलसर असतो.

कागदफूल
किती मनापासून सांगितलंत सगळ्यांनी! ठरलं: व्हर्साफाइन काळी, एक विटकरी, ॲक्रिलिक ब्लॉक, हातकागद, आणि 'शुभ दीपावली' आईच्या अक्षरात. टूल यंदा नाही. शिक्का करून मिळायला वेळ लागतो का?

मंदार_ठाणे
दुकानात मशीन असेल तर फार नाही, पण बरेच जण फाइल बाहेर पाठवतात, आणि दिवाळीच्या तोंडावर गर्दी असते. नवरात्राच्या आधीच देऊन टाका. आणि हो, आधी कागदावर प्रिंट काढून खऱ्या मापात कार्डावर ठेवून बघा, स्क्रीनवर माप फसवं दिसतं.