नाल्यापलीकडची शेती पिवळ्या (रहिवासी) झोनमध्ये जातेय, हरकत घ्यायची की नाही? बोला

शेवटची गल्ली: राम राम मंडळी. गेल्या आठवड्यात पेपरात पालिकेची नोटीस आली, इतकी बारीक की बऱ्याच जणांनी वाचली पण नसेल. एमआरटीपी कायदा १९६६ (नगररचनेचा कायदा), कलम ३७ खाली डीपीत, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, फेरबदल. नाल्यापलीकडची सगळी काळी जमीन शेती झोनमधून काढून रहिवासी करायची आणि आपल्या कॉलनीचा मधला रस्ता ९ मीटरचा १२ मीटर दाखवायचा. हरकती-सूचनांना एक महिना, त्यातला आठवडा गेला.

माझं म्हणणं एवढंच आहे की आधी नाला आणि पाण्याची लाईन, मग झोन. आज आपल्याला पाणी पाचव्या दिवशी येतं, ते पण रात्री दोनला, आणि पलीकडे अजून दोन-तीनशे घरं उभी राहिली तर टाकी तीच, लाईन तीच, मग सहावा दिवस की आठवा ते कोण सांगणार? शिवाय ती काळी माती आहे, पावसाचं पाणी आज तिथं पसरतं म्हणून आपल्या घरात येत नाही. तिथं भराव टाकला की ते पाणी कुठं जाईल हे ज्यांची घरं नाल्याला लागून आहेत त्यांना विचारा. मी त्यातलाच एक.

बांधावरचा नाना: भाऊ, तुम्ही राहता ते वावर माझ्या चुलत आजोबांचं. ते एनए (बिगरशेती) झालं तेव्हा कोणी हरकत घेतली नाही, तेव्हा पाणी पसरायची जागा नव्हती का ती? आमची साडेतीन एकर आहे, आम्ही तीन भाऊ. विहीर जानेवारीत आटते, कपाशीला बोंडअळी, केळी लावायला पाणी नाही, फवारा मारला तर कॉलनीतून फोन येतो की वास येतोय. आणि तुमच्या कॉलनीचं गटार अकरा वर्षं माझ्या बांधावर सोडलेलं आहे, त्याच्यावर कोणी धागा काढला नाही. झोन बदलला तर आम्ही पण माणसासारखं घर बांधू, पोरांच्या शिक्षणाला एखादा प्लॉट विकू. तुम्हाला हिरवळ बघायला पाहिजे म्हणून आम्ही तोट्यात शेती करायची का?

तापीकाठ: नाना खरं बोली ऱ्हायनात. आम्हनं वावर बी तठेच शे. शेती झोन शे म्हनीसन घर बांधाले सहज परवानगी भेटत नही, गुंठावर इकाले येत नही, आनि लोके म्हनतस हिरवं ऱ्हाऊ द्या.

गल्ली नंबर ४ ची ताई: नाना, गटाराचं मला खरंच माहीत नव्हतं, वाईट वाटलं वाचून. पण मी रस्त्याबद्दल बोलते, त्यावर कोणी बोलतच नाहीये. ९ चा १२ म्हणजे दोन्ही बाजूंनी घेतला तर दीड-दीड मीटर, माझं कंपाउंड आणि पायरी गेली. आणि रस्ता नुसता रुंद होत नाही, रुंदीवरच ठरतं की शेजारी काय बांधता येईल. उद्या कोपऱ्यावर लग्नाचा हॉल झाला तर लग्नसराईत रात्री बारापर्यंत डीजे, आणि माझ्याकडे अंथरुणाला खिळलेले सासरे आहेत. ओपन स्पेसमधल्या निंबाला आखाजीला (अक्षय तृतीयेला) आपण झोके बांधतो, माहेरी आलेल्या पोरी गाणी म्हणतात, त्याच्यासमोरच पार्किंग होणार.

पेन्शनर अण्णा: ताई, मला मात्र रस्ता पाहिजे. पोरगा नोकरी सुटून घरी बसलाय, पुढच्या खोलीत मेडिकल टाकायचं म्हणतो. रात्री क्रोसिन आणायला स्टँडपर्यंत जावं लागतं हे तुम्हाला पण माहीत आहे. सगळीच दुकानं म्हणजे डीजे नाही हो.

जुना ट्रेसर: नकाशे काढण्यात आयुष्य गेलं म्हणून लिहितो. दोन्ही बाजूंना सांगतो. शेती झोन ठेवला म्हणजे शेती राहते असं नाही. गावाच्या कडेला हिरव्या (शेती) झोनमध्येच नुसत्या नोटरीच्या कागदावर गुंठा-गुंठा विकला जातो, १०८९ स्क्वेअर फूट, दहा फुटाचा बोळ, गटार नाही, ओपन स्पेस नाही. असे प्लॉट नियमित करण्यासाठीच २००१ ला गुंठेवारीचा कायदा करावा लागला, नंतर मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. उलट मंजूर ले-आऊटमध्ये ०.४ हेक्टर आणि त्याच्यावर क्षेत्र असलं की १० टक्के ओपन स्पेस सोडावीच लागते, रस्ते आखावे लागतात. धुळ्याचं जुनं शहर बघा, १८१९ नंतर इंग्रज अधिकारी ब्रिग्ज साहेबाच्या काळात रस्ते सरळ आखले गेले, आजही लोक पत्ता गल्ली नंबरवर सांगतात. आधी रेषा, मग घरं.

पण शेवटची गल्लीवाल्याचं नाल्याचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. फक्त 'आमचा विरोध आहे' असं लिहू नका, तो कागद फायलीत जातो. सर्व्हे नंबर लिहा, नाल्याची रुंदी टाका, पूर कुठपर्यंत आला त्याचे फोटो जोडा, पोच घ्या आणि सुनावणीला स्वतः जा. त्यानंतर प्रस्ताव मंजुरीला शासनाकडे जातो, तिथं तुमचा कागदच बोलतो.

शेवटची गल्ली: नाना, आज सकाळी बांधावर जाऊन आलो. गटार बघितलं, तुमचं बरोबर आहे, आमची चूक आहे. तरी माझं मत बदललेलं नाही. घर बांधायचा हक्क तुम्हाला आहेच, पण नाल्याची हद्द नकाशावर पक्की न करता झोन बदलला तर पहिल्या मोठ्या पावसात तुमचे नवीन प्लॉटवाले आणि आम्ही दोघं एकाच पाण्यात उभे राहू. अर्जात असं लिहितो की नाल्याची दोन्ही काठांची पट्टी मोकळी सोडा, गटाराची लाईन टाका, पाण्याची टाकी मंजूर करा, तोपर्यंत झोन थांबवा.

बांधावरचा नाना: पट्टी सोडा लिहा, गटार लिहा, टाकी लिहा, मी पहिली सही करतो, भावांच्या पण आणतो. पण 'तोपर्यंत झोन थांबवा' हे वाक्य असलं तर सही नाही. तुमची टाकी व्हायला पंधरा वर्षं लागतील, तोपर्यंत माझी पोरं म्हातारी होतील.

गल्ली नंबर ४ ची ताई: मग रस्त्याचा अर्ज वेगळा काढा बरं, नाल्यात मिसळू नका. अण्णांच्या मेडिकलला माझी ना नाही, ९ मीटरमध्ये बसत असेल तर बसू द्या, हे त्यात मी स्वतः लिहीन. रविवारी निंबाखाली दहाला या, नाना तुम्ही सातबारा आणि नकाशा आणा, फोटो माझ्याकडे आहेत दोन पावसाळ्यांचे.