कुटुंबाविषयीचा स्त्रीवादी दृष्टिकोन: आपल्याकडचं उदाहरण हवंय

अश्विनी_एमए

नमस्कार. नोकरी सांभाळून बाहेरून एम.ए. करतेय, समाजशास्त्र, पहिलं वर्ष. 'कुटुंबाविषयीचे स्त्रीवादी दृष्टिकोन' यावर स्वाध्याय द्यायचाय. नोट्स पाठ आहेत. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ पार्सन्स म्हणतो नवऱ्याने कमवावं, बायकोने मायेचं बघावं, म्हणजे घर नीट चालतं. उदारमतवादी स्त्रीवादी म्हणतात कायदे बदला. मार्क्सवादी म्हणतात बाईच्या फुकटच्या राबण्यावर भांडवलदाराला कामगार स्वस्तात पडतो. जहाल स्त्रीवाद्यांचं म्हणणं, भांडवलदार राहू द्या, आधी घरातल्या पुरुषाचा फायदा बघा.

पण उदाहरणं सगळी तिकडची. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ ॲन ओकलीने लंडनमधल्या ४० गृहिणींशी बोलून १९७४ साली मांडलं की त्यांचं घरकाम आठवड्याला सरासरी ७७ तास भरतं, वगैरे. मॅडमनी शेरा मारलाय, 'स्वतःच्या परिसरातील उदाहरण द्या.' घरकामाचं सोडून दुसरं काय देता येईल? आणि फ्रेंच स्त्रीवादी क्रिस्टीन डेल्फी मला अजिबात झेपलेली नाही. कुटुंब ही आर्थिक व्यवस्था आहे म्हणजे नेमकं काय?

सेट_नेट_तयारी

घरकामाचं कशाला सोडताय, गुण तिथेच आहेत. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८. एवढा आकडा टाका, दोन विचारवंतांची नावं टाका, विषय संपला.

टायपिंगवाली

विषय संपत नाही हो एवढ्यात.

अश्विनी, हक्कसोडपत्र घे, म्हणजे बहिणीने माहेरच्या मिळकतीतला हिस्सा भावाला सोडल्याचा दस्त. मी तालुक्याला दुय्यम निबंधक कार्यालयासमोर दस्त टाईप करते. तुझ्याच विषयात एम.ए. केलंय, पोट मात्र दस्तांवर भरतं. दिवाळीनंतर आणि मे महिन्यात, म्हणजे बहिणी माहेरी आलेल्या असतात तेव्हा, आमच्याकडे हेच काम जास्त.

मजकूर कॉम्प्युटरमध्ये तयार असतो. नावं, गट नंबर, चतुःसीमा बदलायच्या. लिहून घेणार भाऊ, धंदा शेती. लिहून देणार बहीण, धंदा घरकाम. (जनगणनेत 'काम न करणारी', आणि दस्तात धंदा! असो.) पुढे, 'सदर मिळकतीतील माझा अविभक्त हिस्सा मी बहीण-भावाच्या प्रेमापोटी, कोणताही मोबदला न घेता, राजीखुशीने व अक्कलहुशारीने कायमचा सोडून देत आहे.' कुणी कुणी 'माझ्या लग्नात वडिलांनी योग्य तो खर्च केला आहे' हेही घालायला सांगतात. मग दोन साक्षीदार, कॅमेऱ्यासमोर फोटो, अंगठ्याचा ठसा. पुढचं तलाठ्याकडे. फेरफार होतो, नोटीस निघते, मंडळ अधिकाऱ्याची सही झाली की सातबाऱ्यावरून नाव कमी.

मागे एक बाई आल्या होत्या, साठीच्या. फोटोसाठी पदर सारखा केला आणि मला म्हणाल्या, "काय लिवलंय एवढं वाचून दाव की बाई." भाऊ दारातूनच म्हणाला, "नेहमीचंच हाय आक्का." मी वाचून दाखवलं. हिश्श्याचा मजकूर येईपर्यंत त्या मान हलवत होत्या. 'माझे वारसांचाही यापुढे हक्क राहणार नाही' इथे थांबल्या आणि विचारलं, "म्हंजे माझ्या पोरीचाबी न्हाई?" न्हाईच. थोडा वेळ गप्प बसल्या, मग ठसा दिला. साडीची पिशवी भावाने सकाळीच गाडीत आणून ठेवलेली होती.

त्यांच्यावर जबरदस्ती झाली असं मी म्हणणार नाही. भावावर जीवही होता त्यांचा, ते दिसतच होतं. पण जमीन मागितली तर माहेर तुटणार, आणि उद्या सासरी काही वाईट झालं तर जायला माहेर एवढीच जागा. अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी १९९४ च्या आपल्या पुस्तकात भारतातल्या बायका भावासाठी हिस्सा का सोडतात याचं हेच कारण दिलंय. हा हिशोब आहे, आणि तो अडाणीपणाचा अजिबात नाही.

आता डेल्फी. तिने १९७० साली जो निबंध लिहिला त्याच्या आधी ती फ्रान्समधल्या वारसाहक्काचा अभ्यास करत होती. इस्टेट पिढीकडून पिढीकडे जाताना कुणाला मिळते, कुणाला नाही, आणि ज्यांना मिळत नाही ते घरातच राबत कसे राहतात, हे. तिचं म्हणणं साधं आहे. बाजारात तुम्ही काय विकता त्यावर काय मिळणार ते ठरतं. घरात तुम्ही कोण आहात त्यावर ठरतं. थोरला, धाकटा, लेक, सून. काम कोणतं याचा संबंध नाही. बायको नवऱ्याच्या शेतात राबली आणि तो माल बाजारात विकला गेला तरी तिचे श्रम बिनपगारीच, कारण ती बायको आहे. तेच काम मजूर बाईने केलं तर संध्याकाळी हजेरी मिळते. म्हणून ती कुटुंबाला आर्थिक व्यवस्था म्हणते, आणि आमच्या दस्तात मोबदल्याच्या जागी प्रेम लिहिलेलं असतं ते याचमुळे. खरेदीखतात प्रेमापोटी असं कधी टाईप केलेलं मला आठवत नाही.

उदारमतवाद्यांसाठीही यातच मुद्दा आहे. महाराष्ट्राने १९९४ लाच मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हिस्सा दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळलं. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली. वडील ९ सप्टेंबर २००५ ला हयात नसले तरी चालेल, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सांगितलं. कायदा घट्ट होत गेला तशी बहिणीच्या सहीची गरज वाढली. हे माझं टेबलावरून केलेलं निरीक्षण आहे, संशोधन नव्हे.

कोरडवाहू

ताई, एकच बाजू लिहिली तुम्ही. आमची चार एकर, त्यात दोन बहिणी. लग्नं वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढून केली, फेडलं मी. बाळंतपणं आमच्याकडे, भाच्यांची जावळं आमच्याकडे. वडील तीन वर्षं अंथरुणावर होते, उशाशी कोण बसलं? बहिणी आल्या, दोन दिवस रडल्या, गेल्या. आता विहिरीला पाणी लागल्यावर तिसरा हिस्सा मागायचा का? प्रत्येक भाऊ लुबाडायलाच बसलाय असं नसतं.

टायपिंगवाली

दादा, लुबाडणारा म्हटलंच नाही कुणाला. कर्ज तुम्ही फेडलंत ते खरं, आणि चार एकराचे तुकडे झाले तर कुणाचंच भागत नाही हेही खरं. पण दोन गोष्टी सांगते. लग्नाचा खर्च बहिणीच्या हातात पडत नाही. मानपान, हुंडा, जेवणावळी, सगळं सासरच्यांच्या आणि गावाच्या वाट्याला जातं. तिच्याकडे सोनं राहतं, तेही कर्जाला पहिलं तेच.

दुसरं, वडिलांच्या उशाशी कोण बसलं. तुम्ही बसलाच असाल. पण अंग पुसणं, चादरी धुणं, रात्री उठून पाणी देणं कुणी केलं? बहुतेक वहिनींनी. त्या सेवेबद्दल जमीन तुमच्या नावावर झाली. वहिनींचं नाव सातबाऱ्यावर आहे का? आणि त्यांनी त्यांच्या माहेरी सही करून दिलीच असेल. म्हणजे एका घरात नणंद सोडून गेलेली, भावजय सोडून आलेली, आणि भांडण लागतं ते या दोघींत. डायना लेनर्डबरोबर डेल्फीने १९९२ साली जे पुस्तक लिहिलं त्यात कुटुंबप्रमुख, अवलंबित आणि वारस यांचीच मांडणी आहे. कळायला जड म्हणतात, पण तुमच्या चार एकरात बसतं सगळं.

कोरडवाहू

नाव नाहीये तिचं. आता लक्ष्मीमुक्तीचं सांगाल.

टायपिंगवाली

तुम्हीच काढलंत म्हणून. अश्विनी, हेही लिही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने बायकोच्या नावावर जमीन करून द्या, अशी लक्ष्मीमुक्ती नावाची मोहीमच चालवली होती. त्याआधी १९८६ ला चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं. हे शेतकऱ्यांच्या संघटनेतून निघालं, विद्यापीठातून नाही, म्हणून उदाहरण म्हणून जास्त चांगलं.

केजकर

चर्चा चांगली चाललीय, पण सगळी सातबारावाल्यांची. आमच्याकडे ज्यांना सोडायला हक्कच नाही त्यांच्या घराचं काय?

बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जातात तेव्हा मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, नवऱ्याच्या हातात. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढते, आणि पहाटे त्याच्या आधी उठून कोपीत, म्हणजे झोपडीत, भाकरी तिनेच थापलेल्या असतात. मजुरी टनावर, त्यात तिचा वेगळा आकडा कुठेच नाही. एकाचा खाडा झाला, म्हणजे दिवस बुडला, तरी अख्ख्या कोयत्याचा खाडा धरून पैसे कापतात. २०१९ मध्ये इथल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रिया विधानपरिषदेत गाजल्या त्यामागे पाळीच्या त्रासाने पडणाऱ्या या खाड्याची भीतीही होती. मोठ्या हंगामासाठी जोडी लागते म्हणून पोरींची लग्नं लवकर उरकतात. इथे कुटुंब घरात राबवून घेतंच, वर ठेकेदाराचं मजूर भरतीचं एककही तेच. तुमचे मार्क्सवादी आणि जहाल दोघेही इथे एकाच वेळी बरोबर ठरतात. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये लिहिलं होतं की दलित स्त्रियांचं म्हणणं वेगळं काढून जोडायचा परिच्छेद नाही, त्या जागेवरून सगळीच मांडणी पुन्हा करावी लागते. स्वाध्यायात शेवटी 'इतर' म्हणून हे टाकू नका, एवढीच विनंती.

अश्विनी_एमए

टाकणार नाही, सर. कोयत्यानेच सुरुवात करते, मग हक्कसोड. ओकली एका ओळीत. ताई, डेल्फी आत्ता कळली. एखादा दस्त नावं खोडून बघायला मिळेल का? आणि एक प्रश्न, भावाने बहिणीच्या लाभात सोडलेलं हक्कसोडपत्र तुम्ही कधी केलंय?

टायपिंगवाली

झालंय एक. भाऊ पुण्याला चांगल्या नोकरीत, बहीण नवऱ्याने टाकलेली, आईपाशी राहून शेती तीच बघायची. तयार मजकूर तसाच न छापता मी आधी भावाला विचारून घेतलं की प्रेमापोटी ठेवू का. म्हणाला, "नको, तिनं बारा वर्षं शेती केली ते लिहा." तेवढं कलम नवीन टाईप करावं लागलं.

दुसऱ्याचा दस्त दाखवणार नाही, कोरा मसुदा देते. दुपारी ये, सकाळी गर्दी असते. यायच्या आधी फोन करून सर्व्हर चालू आहे का ते विचार, नाहीतर दिवसभर माझ्यासोबत चहा पीत बसशील.