कंपनी कायदा : कलमे पाठ आहेत, पण प्रश्न सुटत नाही

प्रश्न (सत्तरीचा विद्यार्थी)

नमस्कार. मी गोव्यात पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाच्या चौथ्या वर्षाला असून या सत्रात कंपनी कायदा हा विषय आहे. माझे प्राथमिक शिक्षण सत्तरी तालुक्यात वाळपईजवळच्या मराठी शाळेत झाले. पुढचे सारे इंग्रजीत झाले असले तरी एखादी गोष्ट खरोखर समजली की नाही, हे मी अजूनही मराठीत स्वतःला सांगून पाहतो, आणि या विषयात नेमके तेच जमत नाही. २०१३ च्या कायद्याच्या मूळ ४७० कलमांपैकी महत्त्वाची शंभरेक मला क्रमांकासह सांगता येतात, मात्र उदाहरण समोर आले की हात थांबतो.

मागच्या चाचणीतला प्रश्न असा होता : कळंगुटचे एक हॉटेल एका खाजगी कंपनीच्या नावावर आहे. दोघे भाऊ तिचे भागधारक आणि संचालक आहेत. थोरल्याकडे ६० टक्के शेअर, धाकट्याकडे ४०. थोरल्याने एकट्याने सही करून हॉटेल विकण्याचा करार केला. तो कंपनीवर बंधनकारक आहे का? मी लिहिले की कलम १८० प्रमाणे विशेष ठराव लागतो, विशेष ठरावाला विरोधी मतांच्या किमान तिप्पट मते लागतात, ६० टक्क्यांत ती भरत नाहीत, म्हणून करार रद्द. प्राध्यापकांनी ‘१८०’ भोवती लाल गोल काढला, समासात ‘हॉटेल कोणाचे?’ एवढेच लिहिले आणि दहापैकी तीन गुण दिले. माझे नेमके काय चुकले? या विषयाचा अभ्यास कसा करावा? आणि सोबत सीएस (कंपनी सेक्रेटरी) करणे योग्य ठरेल का?

उत्तर (गांवकराचा नातू)

तुमच्या प्राध्यापकांनी दोन शब्दांत सगळा विषय सांगितला आहे. ६० आणि ४० हे आकडे पाहताच तुम्ही हॉटेलच मनात वाटून टाकलेत. प्रत्यक्षात त्या हॉटेलची एक वीटही दोघांपैकी कोणाची नाही. कंपनी तिच्या भागधारकांहून वेगळी व्यक्ती असते हे सांगणारा इंग्लंडमधला सालोमनचा १८९७ चा खटला सगळेच पाठ करतात, परंतु या मुद्द्यासाठी मी बच्चा गझदर यांचा खटला आधी वाचायला सांगेन. चहाच्या कंपन्यांचे उत्पन्न ६० टक्के शेतीचे म्हणून करमुक्त असेल, तर मला मिळालेला लाभांशही तेवढ्यापुरता शेतीचेच उत्पन्न आहे, असे त्या भागधारक बाईंचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये ते फेटाळले : मळा कंपनीचा आहे, भागधारकाला कंपनीच्या मालमत्तेत हिस्सा नसतो, आणि लाभांश त्याच्या हाती येतो तो कंपनीशी असलेल्या नात्यातून, जमिनीतून नव्हे.

आपल्याकडे हे समजायला इंग्लंडपर्यंत जाण्याची गरजही नाही. आजोबा कोमुनिदादीचे (गावाची जमीन सामाईक धरणाऱ्या संस्थेचे) गांवकर, म्हणजे सभासद, होते आणि दरवर्षी जोण (उत्पन्नातला वाटा) घेऊन येत, पण त्या जोणीच्या बळावर ‘खाजन शेतीतला अमुक तुकडा माझा’ असे म्हणण्याची त्यांची कधी छाती झाली नाही. जमीन कोमुनिदादीची, जोण गांवकराची. (साम्य एवढ्यापुरतेच धरा. गांवकरपण जन्माने येते, शेअर विकत घेता येतो. उत्तरपत्रिकेत कोमुनिदाद लिहू नका.)

उत्तर (फोंड्याचा सीएस)

वरचे सर्व मान्य. पण लाल गोलाचे कारण आणखी एक आहे. कलम १८० खाजगी कंपनीला लागूच होत नाही. ५ जून २०१५ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने खाजगी कंपन्यांना जी अनेक कलमे माफ केली त्यात हे येते, आणि १३ जून २०१७ च्या अधिसूचनेने त्या सवलतींना ताळेबंद व वार्षिक विवरणपत्र वेळेवर दाखल करण्याची अट जोडली. म्हणून कलमाच्या शेजारी पेन्सिलीने ‘खाजगी?’ असे लिहून ठेवण्याची सवय लावून घ्या. माझ्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकातले समास याच एका शब्दाने भरले आहेत.

मग उत्तर कुठून सुरू करायचे? कलम २१ पासून. कंपनीच्या वतीने करारावर सही करणाऱ्याला संचालक मंडळाने अधिकार दिलेला असावा लागतो. म्हणजे पहिला प्रश्न ‘ठराव कुठे आहे?’ हा. त्यानंतर त्या कंपनीचे आर्टिकल्स, म्हणजे तिच्या आतल्या कारभाराची नियमावली. कायदा वाचून कंपनी कळत नाही, तिचे कागद वाचून कळते. कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शंभर रुपये भरले की कोणत्याही कंपनीने दाखल केलेले मेमोरँडम, आर्टिकल्स आणि वार्षिक विवरणपत्रे पाहता येतात. तुमच्या तालुक्यातली एखादी छोटी कंपनी घ्या आणि एक संध्याकाळ तिच्यासोबत काढा.

सीएसविषयी थोडक्यात : शेवटच्या दोन वर्षांत दोन्ही ओढू नका. पदवी झाल्यावर ठरवा.

उत्तर (पर्वरीहून)

वकिलीच्या बाजूने दोन गोष्टी. पहिली, ठराव नव्हता म्हणजे करार आपोआप पडला असे नव्हे. कंपनीच्या आतला कारभार रीतसर झाला असेल असे बाहेरच्या माणसाने गृहीत धरले तर कायदा त्याला सांभाळून घेतो (टर्कांडचा खटला, १८५६), मात्र संशय यावा अशी परिस्थिती असूनही त्याने चौकशी केली नसेल तर नाही. कंपनीची बहुधा एकमेव मालमत्ता असलेले हॉटेल एकाच भावाच्या सहीने विकत घेणाऱ्याने ठरावाची प्रतही मागितली नाही, हे त्याच्या विरुद्ध जाईल असे माझे मत आहे. धाकट्याला कलम २४१ खाली (जाच व गैरकारभाराविरुद्ध) दाद मागता येते, कारण कलम २४४ ला लागणारा भागभांडवलाचा दहावा हिस्सा त्याच्याकडे आहेच. पण त्यासाठी जावे लागते मुंबईला, कारण गोवा कंपनी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाखाली येतो. पणजीत पाटो येथे कंपनी निबंधकाचे कार्यालय आहे, तिथे असले वाद चालत नाहीत. इंटर्नशिप शोधताना हे ध्यानात ठेवा.

दुसरी गोष्ट खास गोव्याची. आपल्याकडे बहुतेक विवाह मालमत्तेच्या सामाईक मालकीच्या पद्धतीत येतात, त्यामुळे नवऱ्याच्या नावावरच्या शेअरमध्ये बायकोचा निम्मा हक्क असू शकतो. तरीही सभासदांच्या नोंदवहीत तिचे नाव चढेपर्यंत कंपनी तिला मत देऊ देत नाही. नामनिर्देशनाचेही तसेच : शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगांवकर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितले की नॉमिनीच्या नावावर शेअर झाले म्हणून वारसांचा हक्क संपत नाही. घरोघरी भिंतीवर असलेल्या ‘कालनिर्णय’च्या संस्थापकांच्या मृत्युपत्रावरून उद्भवलेला हा वाद आहे, आणि निकालपत्र सोप्या इंग्रजीत आहे.

सत्तरीचा विद्यार्थी

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल शंभर रुपये भरून डिचोलीच्या एका दोन संचालकांच्या कंपनीचे आर्टिकल्स पाहिले. मते समसमान पडल्यास अध्यक्षाला निर्णायक मत, असे त्यात आहे. तोच नियम माझ्या उदाहरणात लावला आणि थोरला अध्यक्ष असला, तर तो ठराव करून घेऊ शकेल ना?

फोंड्याचा सीएस

धाकटा सभेला आला तरच. कलम १७४ वाचा : गणपूर्तीला एकूण संचालकांच्या एक तृतीयांश किंवा दोन, यांतील मोठी संख्या लागते. धाकटा घरीच बसला तर सभाच होत नाही, मग निर्णायक मत कशावर देणार? आता हे वाचल्यावर कलम १६७ उघडा आणि सलग बारा महिने मंडळाच्या प्रत्येक सभेला गैरहजर राहणाऱ्या संचालकाचे काय होते ते पाहा.